अकरा वेळा फोन लावला

११ जानेवारी, शनिवार

उमरोळीची माणसं दुपारी येऊन गेली. मनालीचं लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात. मुलगा बरा आहे, तारापूरच्या कंपनीत सुपरवायझर, बोलतो कमी. त्याच्या वाटणीचं त्याची आई बोलते. चहाचा कप ओठाला लागायच्या आधी विचारलं, "मुलीचा मामा दिसत नाय तो?"
म्हटलं, बाहेर असतो. दुबईच्या बाजूला, टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर.
"मंग पैलं निमंत्रण त्याला गेलं का? आमच्यात मामाला तोंडी सांगितल्याबिगर पत्रिका छापत नाय. मेसेज नाय चालायचा हो, तोंडानं सांगायचं."
जशी काय आमच्यात मामाशिवाय लग्नं लागतात. आमच्याकडेही मामाच नवरी मांडवात आणतो. मला शिकवते. आणि जाताना माझ्या बोंबलाचा डबा मागून घेतला, तेव्हा मात्र "तुमच्यात, आमच्यात" नव्हतं.

दामू माझा सख्खा धाकटा भाऊ. दोन वर्षं एक शब्द नाही. आई गेली तेव्हा अकरा वेळा फोन लावला त्याला. अकरा. गावात कुणालाही विचारा. लागला नाही, मी काय करू? नंतर उलटा माझ्यावरच डाफरला आणि माझ्याशी बोलणं टाकून बसला. लाटसाहेब.

रात्री जेवताना हे म्हणाले, "तू लाव फोन, होऊन जाईल." ह्यांचं सगळं होऊनच जातं. बॉयलरवर नोकरी करून करून घरातली वाफ दिसेनाशी झाली आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आईची वही काढली. दामूचा नंबर तिने शेवटच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला होता, शून्य पन्नासने सुरू होणारा, कडेला "दामू फोन" असं. दुसऱ्या कुणाचा फोन लिहिला नाही. माझा तर नाहीच, मी काय, हाताशीच.

तसाच्या तसा लावला. बाई म्हणते क्रमांक तपासा. मग पुढे ९७१ लावून बघितला. काही नाही. मग ९७१ च्या आधी एक शून्य. आपल्याकडे पालघर सोडून कुठे लावायचं तर आधी शून्य लावतात, मुंबईलासुद्धा आम्ही लहानपणापासून शून्य लावूनच बोललो, दुबई तर किती लांब. तरी नाही. मग काहीच वाजलं नाही, नुसती टुंग टुंग.

फोन आपटला नाही, ठेवला. सेविका म्हणून मिळालेला अंगणवाडीचा फोन आहे, आपटला तर वरच्या मॅडम पगारातून कापतील.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घ्या गोड बोला. कुणाशी?

१५ जानेवारी, बुधवार

पालघरला सगळ्या सेविकांचं प्रशिक्षण. ऑनलाइन फसवणूक. साहेब चांगले बोलले, सगळ्यात आधी चहा दिला हेही चांगलं. अनोळखी परदेशी नंबर उचलू नका, उलटा फोन तर अजिबात करू नका, आवाजसुद्धा खोटा काढतात, म्हणतात मी तुझा भाऊ बोलतो, अपघात झालाय, पाठव. बायकांना समजावून सांगा म्हणाले.

समजावून? आमच्या दांडी गावातल्या बायकांना? एका कानातून घेतात नि ओट्यावर सांडतात. यांना समजावून उपयोग नाही, करून द्यायला हवं. मला एक कल्पना सुचली आहे.

१८ जानेवारी, शनिवार

अंगणवाडीत हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून काय, प्लास्टिकचा डबा, चाळणी, चमचा. यंदा मी जाहीर केलं, यंदाचं वाण सुरक्षा. एकेक बाई पुढे आली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, तिचा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन परदेशातून येणारे कॉल बंद केले, फोन परत हातात दिला. दोन तास उभी होते. पाय भरून आले. पण एक फोन सोडला नाही. माझाही केला, आधी आपण करावं मग दुसऱ्याला सांगावं.

फोटो मॅडमना पाठवले. मॅडमनी तीन अंगठे पाठवले. आजवर एकही नव्हता.

सुगंधा तेवढी कुरकुरली. शेजारची, नवरा रूपेश टगवर असतो. "ताई, ह्याच्यात आपल्या मानसांचे फोन बी अडकतील ना?" म्हटलं, आपल्या माणसांचे नंबर सेव्ह असतात बाई, ते येतात, मी पालघरला शिकून आले आहे. गप्प बसली. शिकलेल्या माणसापुढे गप्प बसावं लागतं.

२० जानेवारी, सोमवार

बोईसर. सिमचं दुकान, स्टेशनबाहेरचं. मालक हिंदीवाला, केस काळे केलेले, मिशी मात्र विसरला. म्हटलं, दुबईला फोन लागत नाही. माझ्याकडे न बघताच, "बैलेंस है?" म्हटलं, रिचार्ज आहे, रोजचं नेट मिळतं. "वो तो इंडिया का है मैडम. बाहर का अलग पैक लगेगा." मग पॅक टाकला. पंचवीस मिनिटं, महिनाभर. म्हटलं, आता लागेल ना? "नंबर सही होगा तो लगेगा." म्हटलं, म्हणजे माझा नंबर चुकीचा? "मैंने ऐसा बोला क्या?" तसंच बोलला होता.

दुकानासमोरच उभी राहून लावला. आधी मालकाने टाकून दिलेलं अधिक, मग ९७१, पुढे वहीतला नंबर, शून्यासकट, एकेक आकडा बघून. बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली, मग दुसऱ्या कुठल्या भाषेत, अरबी असेल. एवढं नक्की की पलीकडे पोहोचला. पोहोचून परत आला.

म्हणजे पॅक ठीक, फोन ठीक. मग चूक कोणाची? त्याचीच. नंबर बंद करून बसलाय. मला कळू नये म्हणून.

टमटममध्ये एमआयडीसीचा तो वास, डोकं दुखलं.

२१ जानेवारी, मंगळवार

मनाली म्हणते, "मम्मी, नंबर नीट बघ ना एकदा." तुझी आजी नंबर चुकीचा लिहून घेईल? दामूचा? ती माझं नाव विसरली होती शेवटी, त्याचा नंबर तोंडपाठ होता.

२४ जानेवारी, शुक्रवार

विहीणबाईंचा फोन. (अजून विहीण नाही, पण मी म्हणते, सवय व्हायला हवी, दोघींनाही.) "काय मंग, मामाला सांगितलं?" सांगते हो. "आमचा पत्रिकेवाला थांबलाय. काय भांडनबिंडन नाय ना? असलं तर आदीच सांगा. मांडवात बोभाटा नको."
म्हटलं, भांडण कसलं. नेटवर्क नाही तिकडे, पाण्यावर असतो तो.
"बरं." त्या "बरं"मध्ये सगळी उमरोळी होती.

शुक्रवार. शुक्रवारीच तो आईला फोन करायचा. आईचा वेगळा साधा फोन होता, त्यानेच घेऊन दिलेला. चारला वाजायचा. आई तीनपासून बसलेली, तेल लावून, वेणी घालून घेऊन. माझ्याकडून. आठ महिने अंथरुणावर होती, खाणंपिणं मी, हागमूत मी, आणि वेणी कोणासाठी तर जो उंटावरून शेळ्या हाकतो त्याच्यासाठी. "आईला ऊन दे, आईला नाचणी दे, आईला बोईसरला नको नेऊ, मुंबईला ने." ये ना मग. ने.

२८ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

सकाळी दहाला, मुलं वजनाला उभी केलेली. सुगंधा दारात. पदर खोचलेला. मागे अजून दोघीजणी, त्यांचेही नवरे बाहेर. पोरांसमोर सुरू.
"तुमच्या वानाचा फायदा बघा काय झाला ताई! धा दिवस माझा नवरा फोन लावतो. धा दिवस! टगवर नेट नाय, साधा फोन कसाबसा लागतो किनाऱ्याला आल्यावर. त्याला वाटलं मी मेली. नायतर पळाली! सासूला फोन करून विचारतो, सुगंधा कुनाबरोबर गेली?"
मागची एक हसली. सुगंधाने तिच्याकडे असं बघितलं की तिने हसू गिळलं.
म्हटलं, नंबर सेव्ह असेल तर येतो.
"येतो? हा बघा सेव हाय! रूपेश लिवलंय, बदाम बी लावलाय! आला का?" फोन माझ्या नाकासमोर. अडवलेल्या कॉलची यादी. रूपेश, रूपेश, रूपेश, खाली खाली रूपेश. चौदा.

म्हटलं, सुरक्षा महत्त्वाची असते.
"लोका सांगे ब्रम्हज्ञान. तुमचा सोताचा भाऊ फोन लावतो तो तरी उचला आदी."
म्हटलं, कोण भाऊ?
"दामूभाऊ. माझ्या ह्यांना भेटला फुजैराच्या बंदरात. काल सासूच्या फोनवर बोलले हे. मनालीचं लगीन ठरलं ते ह्यांनीच सांगितलं. तवापासून तुमाला फोन करतो. बोलतो, बाय उचलत नाय."

वजनकाट्यावर एक मूल रडत होतं. त्याचं वजन मी कितीतरी भलतंच लिहिलं, मग खोडलं.

२८, संध्याकाळी

माझ्या फोनमधली यादी उघडली. एक परदेशी नंबर, वेगळाच, वहीतला नाही. सहा वेळा. १९ ला दोनदा, २२ ला, २४ ला शुक्रवारी चारला, २६, २७.

म्हणजे उमरोळीचा फोन आला, मी नेटवर्क नाही म्हटलं, त्याच दिवशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या नावाने म्हणायचा आता.

२९ जानेवारी, बुधवार

घरोघर जाऊन वाण परत घेतलं. सगळ्यांचे परदेशी कॉल चालू करून दिले. बायका फोन पुढे करतात आणि बघत राहतात, त्यापेक्षा शिव्या बऱ्या. एकीने मात्र विचारलंच, "पुढच्या वर्सी चाळनी देशाल ना?"

मॅडमना काही कळवलेलं नाही. तीन अंगठे माझे मी ठेवून घेणार.

३० जानेवारी, गुरुवार

त्या नंबरला उलटा फोन लावेना माझ्याच्याने. साहेब म्हणाले होते, उलटा फोन अजिबात करू नका, भावाचा आवाज काढतात. हे मी स्वतःला तीनदा सांगितलं. कारण चांगलं आहे. खरं नाही.

मग ठरवलं, वहीतलाच नंबर लावायचा, पण नीट. आणि नीट म्हणजे कसा हे विचारायला गावात एकच माणूस. गेले. सुगंधा बोंबील सुकवायला काठ्यांच्या वलांडीवर टाकत होती. मला बघून थांबली नाही. म्हटलं, दुबईला फोन कसा लावतात?
"पालघरला नाय शिकवलं?"
उभी राहिले. तिने चार काठ्या भरल्या, मग हात पुसले. वही बघितली आणि कपाळावर हात मारला.
"ताई, हे शून्य खायाचं."
म्हटलं, खायचं?
"पन्नासच्या मागचं शून्य. ते तिकडच्या तिकडं लावायचं, दुबईतून दुबईत. भायरून लावताना खायाचं. आदी शून्यावर बोट दाबून धरायचं, मंग अधिक येतं. अधिक आलं की ९७१. मंग एकदम पन्नास. मदी शून्य टाकलं की तिकडची बाई परत धाडते." मग हळूच, जरा गोडीने, म्हणजे टोचायला: "मी सातवी नापास. मला येतं."

नाचता येईना अंगण वाकडं. माझं अंगण, माझीच अंगणवाडी.

३१ जानेवारी, शुक्रवार

लावला. वहीतला. अधिक, ९७१, पन्नास, पुढचे आकडे. शून्य खाल्लं.

वाजला.

वाजला! रिंग वेगळीच, लांबट, एकेक थांबून. आणि उचलला. "हां कौन?" दामू नव्हे. कुणी हिंदी माणूस, मागे गाड्यांचा आवाज. म्हटलं, दामोदर आहे का? "कौन दामोदर? ये मेरा नंबर है. डेढ़ साल से मेरे पास है. गलत लगा." ठेवला.

दीड वर्ष. आणि आई जाऊन दोन वर्षं. म्हणजे आई गेली तेव्हा हाच नंबर दामूचा होता. चालू होता. नुसतं एक शून्य खाल्लं असतं तर.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल रात्री झोप लागली नाही, पण सकाळी उठले ती हलकी. शून्य! माझी चूक नव्हतीच, शून्याची होती. तेव्हाही ह्यांच्याच फोनवरून लावला होता, त्यात बॅलन्स भरपूर असायचा, लागला असता. आईने लिहून घेतला तसा मी लावला, माणूस आणखी काय करतो? अकरा वेळा लावला, अकरा वेळा शून्य. आडवं आलं ते शून्य.

ह्यांना सांगितलं. मनालीला सांगितलं. पलीकडच्या काकूंना सांगितलं. मासळी घ्यायला आलेल्या बाईलासुद्धा सांगितलं, तिला दामू कोण ते माहीत नाही. संध्याकाळी विहीणबाईंना स्वतःहून फोन करून सांगितलं, नंबरात घोटाळा होता, आता सापडला. "मंग बोललात का त्याच्याशी?" उद्या बोलते म्हटलं.

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अकरा वेळा?"
म्हटलं, हो, अकरा.
"नाही, माझा फोन होता म्हणून विचारलं." आणि टीव्ही लावला.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहून टाकते. ही वही कुणी वाचत नाही.

अकरा वेळा नाही. दोनदा.

बुधवार होता. आई पहाटे गेली. सातला मी ह्यांचा फोन घेऊन मागच्या दारी गेले. वहीतून बघून लावला, नाही लागला. परत लावला, नाही लागला. दहा मिनिटंही नाही झाली. मग ओट्यावर बसले आणि मनात आलं, नाही लागला तेच बरं. आता तो येणार, विमानाने, बॅग घेऊन, आणि रडणार, आणि सगळ्या बायका म्हणणार, बिचारा लांबून आला. आठ महिने काढले ते मी. खांदा कोणाचा, तर त्याचा. नको. एवढी एक गोष्ट माझी राहू दे.

बाहेर आले तर काकांनी विचारलं, दामूला कळवलं? म्हटलं, लावतेय, लागत नाही. तासाभराने परत विचारलं, म्हटलं, सारखा लावतेय. दुपारी कुणीतरी विचारलं, किती वेळा लावला गं? तोंडातून आलं, अकरा. तेव्हापासून अकरा. दोन वर्षांत इतक्या वेळा म्हटलं की मलासुद्धा खरं वाटायला लागलं होतं. लोकांनी आईला दुपारी उचललं. तारापूरच्या खाडीवर तीन वाजता सगळं आटपलं.

आणि आईचा तो साधा फोन उशीखाली होता. त्यात त्याचा नंबर बरोबरच असणार, त्याच्याकडून आलेला, शून्याबिन्याचा प्रश्नच नव्हता. तो बघायचं मला सुचलं नाही असं मी आजवर म्हणत आले.

सुचलं होतं. मी फोन उशीखालून काढला, बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी तो शोधला, चार्ज करून चालू केला. चारला वाजला. मी उचलला नाही. ह्यांनी उचलला. "दामू, आई बुधवारी गेली." इतकंच. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ह्यांचा चेहरा दिसत होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंगणवाडी. पोषणाची माहिती फोनमध्ये भरली. नेट गेलं. परत भरली. मुलं शांत होती आज, त्यांना कसं कळतं कोण जाणे.

५ फेब्रुवारी, बुधवार

विहीणबाई स्वतः आल्या. उमरोळीहून रिक्षाने, एकट्या. बसल्या नाहीत. "हे बघा, मी काय मानसं खानारी बाई नाय. पन मला बी भाऊ होता, न बोलता गेला. म्हनून विचारत होते. तुमाला नको असेल तर पत्रिकेवर मामाचं नाव नाय टाकत, बास." आणि गेल्या. चहासुद्धा नाही.

चिडायचं होतं मला. चिडता आलं नाही याचाच राग आला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चारला आपल्याकडे. तिकडे अडीच. दीड तास मागे असतात ते, हेही सुगंधाने सांगितलं. किनाऱ्याला असेल तर आता असेल म्हणाली.

मागच्या दारी बसले. मनालीला सांगितलं, आत जा. गेली नाही, दाराच्या आड उभी.

शून्य दाबून धरलं. अधिक आलं. ९७१. मग यादीतल्या नव्या नंबराचे पुढचे आकडे, त्यात मधलं शून्य मुळातच नव्हतं.

तीनदा वाजला. उचलला.
"हॅलो." आवाज जाड झालाय. मागे इंजिनाची घरघर.
"मी."
"कोण मी?"
ओळखलं होतं. मी ओळखते त्याचं ओळखणं. म्हटलं, शालू.
मला तो बाय म्हणतो, पहिल्यापासून. आज म्हणाला नाही. म्हणाला, "म्हंजे लागतो फोन तुला."

मी सगळं घोकून ठेवलं होतं. शून्याचं. की नंबरात एक शून्य जादा होतं, ते खायचं असतं, मला माहीत नव्हतं, सुगंधाने आत्ता सांगितलं, बघ कसं नशीब. छान तयार होतं, खोटंही नव्हतं त्यात काही. तोंड उघडलं तेवढ्यात त्यानेच विचारलं.
"आई गेली तवा किती वेळा लावला व्हतास? गावात बोलतात अकरा."

घरघर चालूच. कुणीतरी तिकडे हिंदीत हाका मारत होतं, दोरी खेच, खेच.

म्हटलं, "दोनदा."

परत म्हटलं, "दोनदा लावला दामू. मंग नाय लावला. मला तू नको होतास त्या दिवशी."

घरघर. श्वास ऐकू येत होता, का वारा, कळलं नाही. मग म्हटलं, कारण फोन त्यासाठीच केला होता आणि मिनिटं जात होती: "मनालीचं लगीन हाय. मेमदी. तू मामा. तुला पैलं सांगते."

"आईच्या वक्ताला लागत नाय," तो म्हणाला, हळू, "आनी मामा पायजे तवा..."

तिथे तुटला. पॅकची मिनिटं शिल्लक आहेत, बघितलं. टग बाहेर गेला असेल. किंवा त्याने ठेवला. दोन्हीचा आवाज सारखाच येतो.

परत लावला नाही. हातात घेऊन बसले. सहापर्यंत वाजला नाही.

मनाली शेजारी येऊन बसली. "मामा काय बोलला?"
म्हटलं, त्याने विचारलं, मी खरं ते सांगितलं.
"ते नाही विचारलं मी, मम्मी," ती म्हणाली.